खालची ओळ

"नूरेल. शेवटी एक एल की दोन?" बारब्रूने फोनवर विचारलं.

पलीकडे होल्मफोर्सच्या शाळेबाहेर वाऱ्यात उभा असलेला वार्ताहर वैतागला. दहा मिनिटांत थेट प्रक्षेपण सुरू व्हायचं होतं, त्याचे दात वाजत होते आणि स्टॉकहोममधली ही बाई एका अक्षरासाठी अडून बसली होती. एकच असेल, लिही काहीतरी, असं तो म्हणाला. बारब्रूने त्याला त्या माणसालाच विचारून यायला सांगितलं. तो गेला, परत आला आणि दोन आहेत म्हणाला.

"बघ," बारब्रू म्हणाली आणि तिने दुसरा एल लिहिला.

पडद्यावर बोलणाऱ्या माणसाच्या छातीखाली नावाची पट्टी येते, ती लिहिण्याचं काम बारब्रू लिंडस्कूग बत्तीस वर्षं करत होती. नोकरीला लागली तेव्हा काळ्या पुठ्ठ्यावर पांढरी अक्षरं घासून उमटवावी लागत. एक अक्षर तिरकं गेलं की पुठ्ठा वाया. मग यंत्रं आली, त्यांच्यापेक्षा शहाणी यंत्रं आली, आणि शेवटी चोवीस तास बातम्यांची नवी वाहिनी निघाली, तेव्हा बारब्रूला तिकडे पाठवलं. एकाच उच्चाराचं आडनाव चार तऱ्हांनी लिहिणाऱ्या देशात तिच्या हातून एकही नाव चुकलं नव्हतं. मंत्र्याच्या कचेरीत फोन करून "क्रिस्टीना सी अक्षराने लिहायचं की के अक्षराने" हे विचारायला ती कचरत नसे. लोक हसत. बारब्रूचं म्हणणं असं की, माणूस जन्मात एकदाच टीव्हीवर येतो, निदान त्याच्या आईला तरी ते नाव ओळखता आलं पाहिजे.

नव्या वाहिनीला तळमजल्यावरची जुन्या नेपथ्याची खोली मिळाली होती. ती बघायला घरी वेगळा डिजिटल डबा लागे, आणि तो फारच थोड्यांकडे होता. "आपले प्रेक्षक आपल्यापेक्षा कमी आहेत," हा तिथला रोजचा विनोद. पाळीप्रमुख स्टाफान चौतीस वर्षांचा, हुशार आणि मनाने चांगला होता. पण तोही म्हणायचा, माझी आईसुद्धा आपल्याला बघत नाही, तिच्याकडे डबाच नाही.

तो बुधवार होता, २००३च्या मार्चची एकोणीस तारीख. होल्मफोर्समधली एक चौदा वर्षांची मुलगी चार दिवस बेपत्ता होती आणि आदल्या संध्याकाळी तळ्याकाठच्या होड्यांच्या शेडमध्ये तिचं प्रेत सापडलं होतं. सकाळी पोलिसांनी एका माणसाला पकडलं. त्याचं नाव कुणी सांगितलं नव्हतं, सांगण्याची पद्धतही नव्हती. पोलिसांची गाडी जाताना दिसली तेव्हा बारब्रूने पट्टी टाकली. वरच्या ओळीत 'होल्मफोर्स', खालच्या ओळीत 'खुनाच्या संशयावरून अटकेत'.

नंतर ज्याला प्रेत सापडलं त्या माणसाची मुलाखत होती. तो शाळेचा शिपाई होता. खिडक्यांच्या काचा, बॉयलर, मैदानावरचा बर्फ असं सगळं बघणारा. मुलाखत साडेदहाला ठरली होती. पण वाऱ्याने उपग्रहाची थाळी हलायला लागली, आणि चित्र येतंय तोवर घ्या म्हणून दहा वाजून वीस मिनिटांनीच कॅमेरा त्याच्याकडे वळला. बारब्रूच्या कानातल्या यंत्रात कंट्रोल रूममधून आवाज आला, नाव टाक. तिने वरच्या चौकटीत नाव भरलं, दोन्ही एल पुन्हा एकदा पाहिले आणि बटण दाबलं.

पडद्यावर टोपी हातात धरलेला एक मोठ्या हाडाचा माणूस आला. त्याच्याखाली लिहिलं होतं :

तागे नूरेल
खुनाच्या संशयावरून अटकेत

खालची ओळ पुसायची राहिली होती. तिच्या लक्षात यायला दोन श्वास लागले. तिने पट्टी काढायचं बटण दाबलं, आणि यंत्र नेमकं तेव्हाच अडकलं. ती दाबत राहिली. नंतर टेपवर मोजलं तेव्हा अकरा सेकंद भरले. तेवढ्या वेळात तो माणूस सांगत होता की, आपण अंगातलं जाकीट काढून त्या पोरीवर घातलं, कारण फार थंडी होती.

स्टाफानने एक शिवी हासडली, मग बारब्रूच्या खांद्यावर हात ठेवला. सकाळी दहा वीसला आपल्याला कोण बघतं, असं तो म्हणाला. तरी खुलासा द्यायला हवा हे त्यालाही मान्य होतं. संपादकबाईंनी दुपारी निर्णय दिला : उद्या त्याच वेळी, त्याच बातमीपत्रात, एक वाक्य. स्टाफानने ते वाक्य लिहून कागद यादीला टाचला.

दुसऱ्या दिवशी पहाटे बगदादवर बॉम्ब पडायला लागले.

पुढचे चार दिवस त्या तळमजल्यावर कुणी नीट जेवलं नाही. मुख्य वाहिनीसुद्धा त्यांचीच चित्रं दाखवत होती. सारा देश पहिल्यांदा त्यांना बघत होता. कचेरीतल्या लोकांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं आणि चालण्यात ताठा. पाचव्या दिवशी बारब्रूने खुलाशाची आठवण केली. स्टाफानला आधी कशाचा ते आठवेना. मग तो म्हणाला की, पकडलेल्या माणसाने, म्हणजे त्या मुलीच्या सावत्र बापाने, गुन्हा कबूल केलाय, ते सगळ्या पेपरांत आलंय, आता आपण काय सांगायचं? बारब्रू जागेवर येऊन बसली. तिला पटलं असं नाही. पण पटवून घेतलं. तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं, हे तिला पुढे वर्षानुवर्षं खात राहिलं.

एप्रिलच्या शेवटी फोन आला. नावं लिहिणारी बाई हवी आहे, असं एक बाई म्हणत होती. तिचं नाव एल्सी, तागे नूरेलची धाकटी बहीण. होल्मफोर्सच्या वृद्धाश्रमात ती काम करत होती.

"आमच्याकडे तुमचीच वाहिनी लावतात दिवसभर," ती म्हणाली. "नगरपालिकेने डबा दिलाय. म्हाताऱ्यांना आवडते, आरडाओरडा नसतो म्हणून. दहा वीसला आमची कॉफीची वेळ. सतरा जण बसले होते बाई."

पुढचं तिने आवाज न चढवता सांगितलं. दुपारपर्यंत गावभर झालं होतं. सावत्र बापाने कबुली दिली तेव्हा लोक गप्प बसले, पण मागे हटले नाहीत. आगीशिवाय धूर निघत नाही, म्हणाले. त्याचं जाकीट तिथे कसं, म्हणाले. बिनलग्नाचा माणूस, शाळेत तीस वर्षं, म्हणाले. चाळीस पालकांनी सह्या करून अर्ज दिला. मुख्याध्यापिकेने तागेला खोलीत बोलावून कॉफी दिली आणि तुला थोडी विश्रांती हवी म्हणून गावाबाहेरच्या नगरपालिकेच्या गोदामात पाठवलं. त्याच्या गॅरेजच्या दारावर कुणीतरी काहीतरी लिहिलं. ते काय, हे एल्सीने सांगितलं नाही.

"मी भांडायला फोन नाही केला," ती शेवटी म्हणाली. "तुम्हाला माहीत असावं, एवढंच."

बारब्रूने कचेरीत कुणाला सांगितलं नाही. तिचा नवरा कधीच सोडून गेला होता, मुलगी दूर माल्मोला; घरी सांगण्यासारखंही कुणी नव्हतं. शुक्रवारची रजा टाकून ती गाडीत बसली. तीन तास गाडी, मग बस. तळ्यावरचा बर्फ काठाशी काळा पडला होता.

तागेने दार उघडलं. आपण कोण हे तिने उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं. त्याने बाजूला होऊन तिला आत घेतलं. स्वयंपाकघर लख्ख होतं. त्याने कॉफी केली, दुकानातले दालचिनीचे बन बशीत मांडले आणि समोर बसला. त्याचे हात टेबलावर एखाद्या अवजारासारखे पडले होते.

हे कसं झालं, ते त्याला समजून घ्यायचं होतं. बारब्रूने कागद मागितला, यंत्राची चौकट काढली, वरची ओळ, खालची ओळ, बटण. तागे आयुष्यभर यंत्रं दुरुस्त करत आलेला. त्याने मान खाली घालून चित्र नीट पाहिलं आणि खालच्या चौकटीवर बोट ठेवलं.

"म्हणजे ही पुसायची राहिली."

"हो."

"एवढंच?"

"एवढंच," बारब्रू म्हणाली.

तो उठून खिडकीशी गेला. "मला वाटलं होतं, कुणीतरी मुद्दाम केलंय," तो म्हणाला. "रोज रात्री पडल्या पडल्या विचार करायचो, आपण कुणाचं काय वाकडं केलं. एकेक माणूस आठवून बघितला." मग म्हणाला, "मुद्दाम असतं तर बरं झालं असतं."

बारब्रूने कप खाली ठेवला. तिने माफी मागितली. त्याने मान हलवली, म्हणजे ऐकलं अशा अर्थाने. जाकीट पोलिसांनी अजून परत दिलं नाही, असं तो मध्येच म्हणाला. ते नकोही आहे, पण खिशात बॉयलरच्या खोलीची किल्ली राहिली आहे. नव्या शिपायाला ती लागेल.

निघताना दारात त्याने विचारलं, "तुम्ही तिथेच सांगाल का? जिथे दाखवलं, तिथेच? मला पेपरात नको."

"सांगते," बारब्रू म्हणाली. तो शब्द देण्याचा अधिकार तिला नव्हता, आणि हे परतीची बस वळण घेईपर्यंत तिच्या लक्षातही आलं नाही.

सोमवारी ती स्टाफानकडे गेली, मंगळवारी संपादकबाईंकडे. दोघांनी शांतपणे ऐकून घेतलं. बाईंच्या डोळ्यांत पाणीही आलं. पण सहा आठवडे उलटून गेल्यावर असं काही दाखवणं म्हणजे बुजलेलं पुन्हा उकरणं, असं त्यांचं ठाम मत होतं. ज्यांना माहीत नाही त्यांनाही कळेल. त्या माणसाला आपण पत्र पाठवू, चांगल्या कागदावर, त्या म्हणाल्या.

"त्याला पत्र नकोय," बारब्रू म्हणाली.

"बारब्रू, तू दमली आहेस," बाई म्हणाल्या.

बुधवारी सकाळी तिने एल्सीला फोन केला आणि तागेला घेऊन दहा वाजता वृद्धाश्रमाच्या दिवाणखान्यात बसायला सांगितलं. दहा वीसला गोटलंड बेटाकडे जाणाऱ्या बोटींच्या वेळापत्रकाची बातमी चालू होती. पडद्यावर एक पांढरी बोट धक्क्याला लागत होती. बारब्रूने दोन्ही चौकटी रिकाम्या केल्या. रिकाम्या झाल्याची खात्री केली. मग रुंद पट्टी उघडून त्यात लिहिलं :

१९ मार्च रोजी आम्ही तागे नूरेल यांच्या नावाखाली चुकीचा मजकूर दाखवला. त्यांचा गुन्ह्याशी काहीही संबंध नव्हता. मुलीला त्यांनी शोधलं.

बटण दाबल्याबरोबर कानात ओरडणं सुरू झालं. तिने कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. काचेपलीकडे कुणीतरी हात हलवत होतं. बोट लागली, दार उघडलं, मोटारी उतरायला लागल्या, आणि बोटीच्या पोटाखाली ती तीन वाक्यं होती. स्टाफान धावत आला तेव्हा एक मिनिट होऊन गेलं होतं. त्याने हात लांब करून स्वतःच पट्टी काढली. तो रागावलेला नव्हता. घाबरलेला होता.

"हे तू काय करून बसलीस?" तो हळूच म्हणाला.

बारब्रू उठली आणि खुंटीवरचा कोट घेऊन बाहेर पडली.

संध्याकाळी एल्सीचा फोन आला. तागे आला होता. कोट न काढता मागच्या खुर्चीत बसला होता. तिने टीव्हीचा आवाज वाढवून ठेवला होता, पण पट्टीला कुठला आवाज? म्हातारे बोट बघत होते. एकाला आपण तरुणपणी गोटलंडला गेल्याचं आठवलं, तो तेच सांगत बसला. खालचं कुणी वाचलं, कुणी अर्धंच वाचलं. पट्टी गेल्यावर रुबेन नावाच्या जुन्या पोस्टमनने शेजारणीला विचारलं, काय होतं ते? ती बाई मोतीबिंदूवाली.

"तोच तो नूरेल," ती म्हणाली होती. "पुन्हा दाखवताहेत त्याला."

एल्सी पुढे होऊन सगळ्यांना ओरडून सांगायला लागली, तिचं तिलाच रडू फुटलं. तोवर तागे उठला होता. त्याने आपला कप मोरीशी नेला, विसळून पालथा घातला आणि गेला.

"मग मी सांगायला नको होतं का?" बारब्रूने विचारलं.

"मला नाही ठाऊक," एल्सी म्हणाली.

बारब्रूला काढलं नाही. तिच्या वयाच्या बाईला काढणं सोपं नव्हतं, आणि आतून अनेकांना तिची बाजू कळत होती. तिला तळघरातल्या टेपांच्या संग्रहात पाठवलं. विश्रांती म्हणून, असंच बाई म्हणाल्या. ऑगस्टमध्ये तागेने घर विकलं आणि तो उत्तरेकडे निघून गेला, हे तिला तिथे कळलं.

नऊ वर्षं ती तळघरात होती. वर वाहिनीचं नाव बदललं, रंग बदलले, मग तिचे तास दुसऱ्या वाहिनीत मिसळले आणि एके दिवशी तळमजल्यावरच्या त्या खोलीतली टेबलंसुद्धा उचलली गेली. डबा आता घरोघरी झाला होता. पट्ट्या लिहायला वेगळं माणूस राहिलं नव्हतं; ज्याची बातमी, तोच लिही. जेवणाच्या सुट्टीत उपाहारगृहातल्या टीव्हीवर तिला चुकलेली नावं दिसत. सुरुवातीला ती वर फोन करून सांगायची. लोक आभार मानायचे. मग तिने टीव्हीकडे पाठ करून बसायला सुरुवात केली. स्टाफान एव्हाना मोठा अधिकारी झाला होता. जिन्यात भेटला की थांबायचा, तब्येत विचारायचा. त्या सकाळबद्दल दोघं कधीच बोलले नाहीत.

तिच्या निरोपाला केक होता, भाषण होतं. भाषण करणाऱ्या मुलीने तिचं आडनाव दोनऐवजी एकाच ओने लिहून आणलं होतं. कागद बारब्रूच्या हातात आला तेव्हा तिने तो वाचला, घडी केली आणि पर्समध्ये टाकला.

त्या सप्टेंबरमध्ये तिने एल्सीला पत्र लिहून पत्ता मागितला. उत्तर दोन ओळींचं होतं. पत्ता, आणि खाली : 'त्याने ये म्हटलेलं नाही. नको असंही म्हटलं नाही.'

रात्रभराची गाडी आणि मग जंगलातून दीड तास बस. ती ज्या थांब्यावर उतरली, तिथे एक टपालपेटी आणि एक घर एवढंच होतं. घराच्या अंगणात फोडलेल्या लाकडांचा ढीग पडला होता आणि तागे ती उचलून भिंतीशी रचत होता. तो वाळला होता. केस पांढरेफटक. तिला बघून त्याचा हात थांबला. मग हातातलं लाकूड त्याने जागेवर ठेवलं.

"तुम्ही," तो म्हणाला.

काय बोलायचं ते बारब्रू गाडीत रात्रभर घोकत आली होती. त्यातलं काही आठवेना. माफी मागायला आले, असं काहीतरी ती म्हणाली.

"ती तेव्हाच मागितलीत."

"हो. पण जो शब्द दिला, तो पाळूनही तुमचं वाईटच झालं."

तागेने आकाशाकडे पाहिलं. डोंगराच्या बाजूने करडे ढग चढत होते.

"ठीक आहे, असं मी म्हणणार नाही," तो म्हणाला. "ते ठीक नव्हतंच. मला ती शाळा आवडायची. सकाळी सहाला बॉयलर पेटवायचो, पोरं यायच्या आत वर्ग ऊबदार व्हायचे." तो थांबला. "त्या बोटीखाली मी वाचलं होतं. तिला मी शोधलं, असं लिहिलं होतं तुम्ही. तेवढं कुणीच कधी म्हणालं नव्हतं."

बारब्रू लाकूड फोडायच्या ओंडक्यावर बसली. तागेने तिला बसू दिलं. तो पुन्हा ढिगाकडे वळला, दोन खेपा केल्या आणि तिसऱ्या खेपेला तिच्यासमोर येऊन थांबला. हातातले चामडी मोजे काढून त्याने तिच्या मांडीवर ठेवले.

"उद्या परवा बर्फ पडेल. त्याच्या आत हे सगळं रचून व्हायला हवं," तो म्हणाला. "साल वर करून लाव. आणि गच्च नको बसवूस, वारा खेळला पाहिजे."

मोजे तिला मोठे होते आणि आतून अजून गरम होते. तिने पहिलं लाकूड उचललं, दुसरं उचललं. तो उघड्या हातांनी काम करत होता, बोटं लाल झाली होती. रास कमरेइतकी आली तेव्हा रस्त्यावर चारची बस येऊन थांबली, दार उघडलं, चालकाने अंगणाकडे पाहिलं. कुणी येत नाहीसं बघून त्याने दार मिटलं आणि बस पुढे गेली. तागेने पुढचं लाकूड तिच्या हातात दिलं.